सलिलच्या आईची निरवानिरव

मी, दमयंती श्रीपती रेवाळे, वय शहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे धामणकोंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणी बळजबरी केलेली नाही, कुणी कानाशी लागलेलं नाही. गुडघे गेले आहेत, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण डोकं जागेवर आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे पहिलं, आणि हेच शेवटचं समजावं.

माझे यजमान श्रीपती रेवाळे २०१३ साली वारले. पुढे जे झालं ते त्यांना पाहावं लागलं नाही. मला दोन अपत्यं. थोरली वैदेही, चिपळूणला दिलेली. धाकटा सलिल, सध्या पुण्याच्या तुरुंगात. शेजारच्या घरातल्या उर्वी नावाच्या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा जीव घेतल्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली आहे. वरच्या न्यायालयांनी ती कायम केली आहे. गुन्हा त्यानेच केला आहे. याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि माझ्या माघारी माझ्या नावाने कुणी ती काढू नये.

उर्वीचं नाव लिहू नये असं माझ्या वकील शमिका कदम यांनी सुचवलं, कारण अशा मुलींचं नाव उघड करायला कायद्याची मनाई आहे. उर्वीच्या आईने लिहायला सांगितलं. मी आईचं ऐकलं.

आता सलिलच्या बाबतीत राष्ट्रपतींकडचा दयेचा अर्ज तेवढा उरला आहे. त्या अर्जाचं काय, आणि मी नसताना त्याला फाशी झाली तर त्याच्या देहाचं काय, हे ठरवून ठेवण्यासाठी मुख्यतः हा कागद. घर आणि बाग त्यामानाने सोपी आहे, म्हणून आधी ती उरकते.

१. राहतं चिऱ्याचं घर, मागची पडवी, विहीर आणि विहिरीवरचा पंप वैदेहीला. विहिरीला वैशाखातही पाणी असतं. शेजारच्या घवाळींच्या, म्हणजे उर्वीच्या घराने आजवर या विहिरीचं पाणी भरलं आहे आणि पुढेही भरावं. घर विकायची वेळ आली तर हा हक्क विक्रीखतात लिहून मगच विकावं.

२. खालची हापूसची बाग वैदेहीला. बागेच्या दक्षिणेचा गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, आमचा आहे. थोरल्या दिरांचे चिरंजीव तो सामाईक असल्याचं सांगतात. गडगा घातला तेव्हा मी स्वतः डोक्यावरून चिरे वाहिले आहेत आणि ते चिरंजीव तेव्हा पाळण्यात होते. गडग्यावरचा फणसही आमचाच. मात्र त्याचे फणस ते नेतात तर नेऊ द्यावेत. बरका आहे, आमच्यात कुणाला आवडत नाही.

३. आंबे काढायचा झेला, दोन शिड्या, लाकडी खोके आणि फवारणीचा पंप गावचं गाऱ्हाणं घालणारे दत्ताराम गुरव यांना. तिसरी शिडी त्यांच्याकडेच आहे. ती त्यांनी यजमान असताना नेली आणि परत करायचं राहून गेलं. तीही या कलमाने त्यांचीच झाली, म्हणजे त्यांना माझ्या समोरून जाताना मान खाली घालायला नको. शिवणयंत्र, पितळेची भांडी आणि विळी वैदेहीच्या थोरल्या मुलीला. शाळेतून निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ कुणालाही द्यावं. ते पहिल्यापासून पुढे जातं.

पोस्टातली ठेव वैदेहीच्या नावे. ठेवीच्या व्याजातून सलिलला तुरुंगात महिन्याची मनीऑर्डर जाते, ती तो असेपर्यंत जावी. ते काम वकील शमिका कदम यांनी पाहायचं कबूल केलं आहे, कारण वैदेहीला ते नको आहे. वैदेहीने पहिल्या दिवशीच मला सांगितलं की तिला भाऊ नाही. तिला मुली आहेत. मी तिला कधी समजवायला गेले नाही. या मृत्युपत्रामुळे तिच्यावर भावाची कसलीही जबाबदारी पडत नाही, हे इथे स्पष्ट करते.

सलिलला स्थावर-जंगम काहीही ठेवलेलं नाही. त्याने मागितलंही नाही.

४. बागेच्या वरच्या अंगाला पूर्वी आमचा मांगर, म्हणजे आंबे उतरवून ठेवायची खोपी, होता. मे महिन्यात, आंब्याची शेवटची तोड चालू असताना, उर्वी दुपारची घरातून दिसेनाशी झाली. अख्खं गाव शोधायला निघालं. सलिल त्यांच्यात पुढे होता. कातळावर उभा राहून तिच्या नावाने हाका मारत होता आणि त्या हाका मला घरात ऐकू येत होत्या. ती आमच्याच मांगरात सापडली, आंब्यांची अढी घालायच्या पेंढ्याखाली.

पोलिसांनी मला विचारलं की सलिल दुपारी जेवायला घरी होता का. मी सांगितलं, नव्हता. संध्याकाळी आला तेव्हा अंगावरचा शर्ट धुतलेला आणि ओला होता, हेही सांगितलं. न्यायालयातही हेच सांगितलं. त्यात मोठेपणा काही नाही. नोकरीभर दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोला म्हणत आले, ऐन वेळी दुसरं काही तोंडात आलंच नाही. सलिल आरोपीच्या जागी उभा होता. माझी साक्ष संपली तेव्हा त्याने मान हलवली, हजेरी घेताना मुलं हलवतात तशी.

मांगर मी पाडून टाकला. ती जागा मोकळी आहे. तिथे घर, खोली, टाकी, पर्यटकांसाठी खोल्या यांतलं काहीही बांधू नये. झाड लावायलाही मनाई आहे. गवत उगवतं तेवढं पुरे.

५. हे कलम वाटणीचं नाही. पण माझ्या पुढच्या निर्णयांचं कारण यात आहे, म्हणून ते मृत्युपत्राचा भाग समजावं.

उर्वीची आई योगिनी महेंद्र घवाळी ही याच गावची लेक, याच गावात दिलेली. पहिलीपासून चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. कविता पाठ व्हायच्या नाहीत, हिशोब तोंडी करायची. आता बचतगटातून आंबापोळी आणि कोकमं विकते, स्कूटी चालवते, आणि मला अजून बाई म्हणते.

ते वर्ष उलटायच्या आतच शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, हे वाचणाऱ्याला ठाऊक असेल. कुणाच्या दारात आधी, कुणाच्या नंतर, हा क्रम ठरलेला. पालखी एकदा पुढे गेली की मागे फिरत नाही. गावाने बैठक घेऊन ठरवलं की रेवाळ्यांच्या दारात पालखी थांबवायची नाही. मला निरोप द्यायला दत्ताराम आले होते. उंबऱ्याबाहेरच उभे राहून, चपला न काढता, देवाचं नाव पुढे करून सांगून गेले. मी म्हटलं, बरं आहे. मनातून मला पटलंही होतं. तरी त्या सकाळी मी अंगण सारवलं, रांगोळी घातली आणि ओटीचं सूप भरून ठेवलं. सवय म्हणून ठेवलं.

पालखी ढोल वाजवत माझ्या अंगणावरून पुढे गेली. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचं घर घवाळींचं. त्या वर्षी योगिनीने सण केला नसता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण ती दारात ओटी घेऊन उभी होती. पालखी तिच्या अंगणात टेकवणार तेवढ्यात तिने दत्तारामना विचारलं की बाईंच्या दारात थांबली का. ते म्हणाले, नाही, गावचा ठराव आहे. मी माझ्या पडवीतून हे सगळं ऐकत होते. मध्ये फक्त गडगा आहे.

योगिनी म्हणाली, "मग हितंपण टेकवू नका. आधी तिकडं जा."

दत्तारामनी सांगितलं की पालखी मागे फिरत नाही, आजवर फिरलेली नाही. ती म्हणाली, "मुलगी माझी गेली. ठराव करताना मला विचारलंत?"

ढोल थांबले. महेंद्र, तिचा नवरा, खाली बघत उभा होता. मग पालखी खांद्यावर असलेल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पालखी फिरवली. पालखीचं तोंड उलट्या दिशेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पालखी माझ्या अंगणात टेकली. मी ओटी भरली. थोडे तांदूळ बाहेर सांडले. मग दत्ताराम गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाण्यात प्रत्येक घरी एक ओळ असते. घरातली माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला असतात, त्यांच्यासाठी. ह्या घरातला जो कुणी लांब मुलखाला असेल त्याच्या पाठीशी राहा, असं देवाला सांगायचं, आणि जमलेल्या पुरुषांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. दत्ताराम त्या ओळीपाशी आले आणि अडले. माझ्या घरातलं लांब कोण होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. ओळ गाळता येत नव्हती, कारण गाऱ्हाणं अर्धवट घालत नाहीत. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "ह्या घरातला जो कोन लांब हाय, त्याच्या पाठीशी ऱ्हा म्हाराजा."

पुढचं कुणी म्हणेना. इतकी माणसं अंगणात असून माडाच्या झावळ्या ऐकू येत होत्या.

मग गर्दीच्या मागून एकटा आवाज आला. "व्हय महाराजा."

बायका ते म्हणत नाहीत. ती योगिनी होती. तिच्यामागोमाग पुरुष म्हणाले.

पुढे काही दिवसांनी विहिरीवर भेट झाली तेव्हा मी तिच्यासमोर हात जोडले. ती रागावली. तिने मला जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "त्याच्यासाठी नाही म्हटलं, बाई. ओळ अर्धी राहत होती. अर्धी राहिली तर गावाला लागते. तो फासावर गेलाच पाहिजे." मग कळशी उचलून ती गेली.

मी देवाधर्माची फार नाही. पण त्या दिवशी अंगणात काय होऊन गेलं, त्याला माझ्याजवळ अजूनही शब्द नाही. मी वर्गात मोठमोठ्या माणसांचे धडे शिकवले. माझ्याच वर्गातून एवढं मोठं माणूस उठून गेलं आणि मला पत्ता नव्हता.

६. फाशीविषयी माझं मत. हे मत दोषी माणसाच्या आईचं आहे, तेव्हा त्याची किंमत वाचणाऱ्याने त्या हिशोबाने करावी.

सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली त्या दिवशी गावात पेढे वाटले. न्यायाधीशांनी पेनाची निब मोडली का, असं नंतर मला लोक विचारीत. मी पाहिलं नाही. मी योगिनीकडे पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाला अजून पुढची गाडी पकडायची असते, तसा तो चेहरा होता. पेढा तिने घेतला नाही. पण वरच्या न्यायालयांत प्रत्येक वेळी ती पदरमोड करून गेली आणि फाशी कायम राहावी असं सांगून आली.

लहान मुलांशी असं वागणाऱ्याला फाशीच हवी, असं मीही पूर्वी स्टाफरूममध्ये म्हणत असे. वर्तमानपत्र वाचता वाचता, चहा पिता पिता. आता म्हणत नाही, आणि ते फक्त सलिलमुळे नाही. त्याला शिक्षा झाल्यावर दुसऱ्या गावातली एक आजी मला शोधत आली. नात चुलत्याबद्दल काही सांगते, असं म्हणाली. पुढे म्हणाली, "तक्रार केली तर त्यालापण तुमच्या झिलासारखी फाशी होईल काय ओ बाई?" मी म्हटलं, नाही, त्याला वेगळी शिक्षा आहे. तिचा विश्वास बसला नाही, कारण टीव्हीवर तर सगळे फाशीच म्हणतात. मुलांच्या मदतीसाठीचा सरकारी नंबर मी तिच्यासमोरच लावला आणि सगळं सांगितलं. माणसं चौकशीला गेली तोवर घरचे फिरले होते. मुलगी मुंबईला मावशीकडे पाठवली. चुलता तिथेच आहे. बहुतेक वेळा करणारा घरचा असतो, ओळखीचा असतो. त्याच्या गळ्याला दोर लागणार असेल तर घर पोरीचं तोंड बंद करतं. शमिकाताई याच्या पुढचं सांगतात की ज्याला आपण मरणारच हे माहीत आहे तो मुलाला जिवंत सोडत नाही. मला हे पटतं.

हे सगळं मी योगिनीला एकदा सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते खरं असेल, ते सरकारला सांगा. मग तिने तिचं कारण सांगितलं. ते मी कुठल्या वकिलाच्या किंवा पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

"तो आहे तोवर मला त्याचाच विचार करावा लागतो, बाई. तारीख, अपील, अर्ज. उर्वीचा विचार करायला मला अजून वेळ मिळालेला नाही."

कायद्याने कुणालाही फासावर चढवू नये असं मला वाटतं. योगिनीला ते हवं आहे यात काही गैर आहे, असंही मला वाटत नाही. ही दोन्ही मतं माझ्या डोक्यात शेजाऱ्यांसारखी राहतात. मध्ये गडगा आहे, पण विहीर एकच.

७. दयेचा अर्ज. शमिकाताईंनी तो तयार करून आणला तेव्हा मी सही लगेच केली नाही. त्यांना आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, आधी शेजारी सांगून येते. त्या म्हणाल्या की कायद्याने परवानगी लागत नाही. मी म्हटलं, परवानगी मागायला जात नाही, सांगायला जाते.

योगिनी पडवीत कोकमांना मीठ चोळत होती. मी सांगितलं की मी सलिलचा जीव मागणार आहे. तिने हात न थांबवता विचारलं की अर्जात काय लिहिलंय. मी वाचून दाखवला. शमिकाताईंनी त्यात त्याचं वय, तुरुंगातली वागणूक, तिथे तो निरक्षर कैद्यांची पत्रं लिहून देतो, हे सगळं घातलं होतं. त्याला पश्चात्ताप झाला आहे, असंही एक वाक्य होतं. तिथे योगिनीने मला थांबवलं आणि विचारलं, "झालाय?"

मी खरं ते सांगितलं. पालखीची हकीकत मी त्याला भेटीत सांगितली होती, जाळीच्या अलीकडून. योगिनी काय म्हणाली तेही सांगितलं होतं. तो म्हणाला, "आई, हे मला सांगायला नको होतंस." त्यानंतरच्या दोन भेटींना तो आलाच नाही, शिपायाकडून बरा आहे म्हणून निरोप पाठवला. याला पश्चात्ताप म्हणतात की काय म्हणतात, मला माहीत नाही.

योगिनी बराच वेळ कोकमं चोळत राहिली. मग म्हणाली की ते वाक्य काढा आणि हे घडलं तेवढंच लिहा. मी तसं करायला सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही करा सही. मी उलटा अर्ज करणार. दया नको म्हणून."

मी म्हटलं, कर.

अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवायला रत्नागिरीला दोघी एकाच दिवशी गेलो, कारण मला एसटीची पायरी चढवत नाही आणि स्कूटी तिच्याकडेच आहे. माझं पाकीट माझ्या पिशवीत, तिचं डिकीत. पोस्टातल्या मुलीने दोन्ही पाकिटांवरचा एकच पत्ता पाहून विचारलं की दोन्ही एकत्र घालून पाठवायचं का, पैसे वाचतील. योगिनीने नाही म्हटलं आणि आम्हाला दोघींना हसू आलं. हसल्यावर तिला रडू आलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो माझा हक्क नाही. ती सावरेपर्यंत बाजूला उभी राहिले.

अर्जाचा निकाल माझ्या हयातीत लागला नाही, तर माझ्या माघारी माझ्या नावाने दुसरा अर्ज, निवेदन, सह्यांची मोहीम किंवा वर्तमानपत्रात पत्र असं काहीही करू नये. मी एकदा मागितलं आहे. माझ्या अर्जाबरोबर योगिनीचाही अर्ज वाचला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. दया मिळाली तर सलिलने ती फुकट घालवू नये. मिळाली नाही तर त्याने कुणाला दोष देऊ नये. हे त्याला मी तोंडी सांगितलं आहे, आता लेखीही आहे.

८. फाशी झाली तर देह ताब्यात घ्यायला रक्ताचं माणूस किंवा त्याने नेमलेलं कुणी लागेल, आणि वैदेही जाणार नाही. म्हणून देह घेण्याचं अधिकारपत्र मी शमिका कदम यांच्या नावे करून दिलं आहे. मला स्वतःला त्याला गावात आणायचं होतं. वडिलांना जिथे नेलं तिथे, ओढ्याच्या कडेला. त्याचंही मी योगिनीला विचारलं. या वेळी मात्र परवानगीच मागितली.

ती म्हणाली, "नको, बाई. गावात नको."

एवढंच. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिने माझ्यासाठी पालखी फिरवली, म्हणून हेही देईल, असं माझ्या मनाने धरलं होतं. ते चुकीचं होतं. ज्याचं ते द्यायचं असतं त्यालाच कळतं किती द्यायचं. सबब सलिलचा देह, अस्थी किंवा राख धामणकोंडाच्या शिवेत आणू नये. पुण्यातच विद्युतदाहिनीत करावं. मी हयात असेन तर मी तिथे असेन. नसेन तर शमिकाताईंनी त्याचं नाव एकदा मोठ्याने घ्यावं, आईने ठेवलेलं, पूर्ण.

माझं दहन गावात, ओढ्याकडेला. अग्नी वैदेहीने द्यावा. मुलगी अग्नी देते का, असं कुणी विचारलं तर हे कलम दाखवावं. तेराव्याला गोड करू नये.

९. हे कलम रद्द केलं आहे. खोडलेलं दिसतं म्हणून कारण लिहिते.

इथे मी मांगराची जागा आणि त्यालगतची आंब्याची कलमं योगिनीच्या नावे लिहिली होती. भरपाई म्हणून नाही. तशी भरपाई नसते, हे मला कळतं. पण त्या जागेवर तिच्याखेरीज कुणाचा हक्क आहे असं मला वाटत नव्हतं. कच्चा मसुदा तिला वाचायला दिला. वाचून ती म्हणाली, "हे काढा." माझा चेहरा पडला असावा. मला वाटलं, तिचा अपमान झाला. तेव्हा तिने सांगितलं की तिने शमिकाताईंना फोन करून सगळं विचारून घेतलं आहे. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असा रिवाज आहे.

"अर्ज केल्यापासून गावात म्हणतात, बाईंचं डोकं फिरलं. उद्या कुणी कोर्टात गेलं तर काय सांगणार? मला जमीन नको. मला सही करायची आहे. तुम्ही शुद्धीवर होता, हे माझ्याइतकं कोण सांगणार?"

म्हणून ती जागा कलम ४ मधल्या अटींसह वैदेहीकडे राहील.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी वकील शमिका कदम, रत्नागिरी, यांची नेमणूक करते. त्या तरुण आहेत, चिकाटीच्या आहेत आणि फीची आठवण करून द्यायला लाजतात. तेव्हा फी आधी द्यावी.

वर लिहिलेलं सर्व मी लिहिलं, पुन्हा वाचलं, दोन जागी शुद्धलेखन सुधारलं, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते. त्या दोघांनीही माझ्या आणि एकमेकांच्या समोर सह्या करायच्या आहेत. आपलं मत वेगळं असेल तर तेही सहीखाली लिहावं, अशी मुभा मी त्यांना दिली आहे.

ठिकाण : मौजे धामणकोंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५

(सही)
दमयंती श्रीपती रेवाळे

साक्षीदार

(सही)
दत्ताराम गुरव, राहणार धामणकोंड.
बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम ३ मधली आवजारं मला आज सकाळी हातात देऊन झाली, म्हणून मृत्युपत्रातून मला काही येणं नाही आणि सही करायला हरकत नाही. शिडी परत द्यायची होतीच.

(सही)
सौ. योगिनी महेंद्र घवाळी, राहणार धामणकोंड. उर्वीची आई.
बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. सगळं वाचलं. कलम ७ मला मान्य नाही. बाकी लिहिलंय ते खरं आहे.